सातबाऱ्यावर चौदा नावं: फायनान्ससाठी दोन बीबीएंमधली निवड

दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातलं एक घर. हापूसची नव्वद कलमं, थोड्या पोफळी, घरामागे माडांची रांग, आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. घरात आजी, आईबाबा, नुकतीच बारावी कॉमर्स झालेली मुलगी आणि आठवीतला मुलगा. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, आगोटीची गडबड चालू असताना, ही मुलगी एक फाइल घेऊन माझ्या पडवीत आली. मी बँकेत सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. गावात कुणाला बँकेचा कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. फाइलमध्ये मुंबईतल्या एका खाजगी अभिमत विद्यापीठाचं पत्र होतं. बीबीए, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी, विषय फायनान्स, प्रवेश मंजूर. जागा राखायची तर २० जूनपर्यंत पन्नास हजार भरा.

"काका, एवढं कर्ज बसेल का?" तिचा प्रश्न इतकाच होता.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण दर जूनमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे येतो आणि बहुतेक घरं दोन संस्थांची तुलना फक्त नावावरून करतात. लिहायला मुलीची आणि तिच्या बाबांची संमती आहे. माणसांची आणि दोन्ही संस्थांची नावं गाळली आहेत. आकडे त्यांच्या कागदांवरचे आहेत, हजारांत गोळाबेरीज करून.

दोन पर्याय, पण एकाला अजून नावच नव्हतं

पहिला पर्याय म्हणजे हे अभिमत विद्यापीठ. स्वतःची प्रवेश परीक्षा, स्वतःचं वसतिगृह, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वर्ग, बाजारभावाच्या टर्मिनलची प्रयोगशाळा, आणि शेवटच्या वर्षी कंपन्या नोकरी द्यायला आवारातच येणार. माहितीपत्रक जाड आणि गुळगुळीत होतं. आजीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "लग्नपत्रिकेपेक्षा भारी आहे गो!"

दुसरा पर्याय म्हणजे मुंबई विद्यापीठाशी संलग्न एखादं कॉलेज, तिथलं बीएमएस (ही पण व्यवस्थापनाचीच पदवी) किंवा बीबीए. आधीच्या वर्षापर्यंत हे सोपं होतं. बारावीचे गुण पाहून कॉलेजची यादी लागायची. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, बीबीए, बीएमएस आणि बीसीए आपल्या कक्षेत घेतले, आणि महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाने या अभ्यासक्रमांसाठी पहिल्यांदाच सामायिक परीक्षा ठेवली, २९ मे २०२४ ला. मुंबईतल्या काही कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून तो बीकॉमच्या छत्राखाली नेला आणि ती या प्रक्रियेबाहेर राहिली. ज्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली त्या दिवशी तिची सीईटी व्हायची होती. कुठलं कॉलेज मिळेल, आधीच्या वर्षी कटऑफ किती होता, यातलं काहीच सांगता येत नव्हतं, कारण आधीचं वर्षच नव्हतं. एका हातात छापील पत्र आणि दुसऱ्या हातात फक्त एक प्रक्रिया. घरातले पत्राकडे झुकले यात नवल नाही.

बोरिवलीचे चुलतकाका फोनवरून आणखी नावं सुचवत होते. दिल्लीचं शहीद सुखदेव कॉलेज, इंदूरच्या आयआयएमचा २०११ पासूनचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्ही उत्तम. पण त्यांच्या प्रवेश परीक्षा तिने दिल्याच नव्हत्या, त्यामुळे ती चर्चा एका चहात संपली.

"फायनान्स म्हणजे नेमकं काय करायचंय?"

कर्जाचं बोलण्याआधी मी तिला हे विचारलं. अठराव्या वर्षी बहुतेक मुलं "शेअर मार्केट" म्हणतात. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग आंब्याच्या विम्याबद्दल बोलायला लागली.

आमच्याकडे हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. त्यात कुणी येऊन झाडावरचा आंबा मोजत नाही. महसूल मंडळासाठी जे हवामान केंद्र ठरलंय, त्यावर तापमान किती चढलं, किती उतरलं, अवेळी पाऊस किती मिलिमीटर पडला, वाऱ्याचा वेग किती होता, हे बघतात. आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर भरपाई, नाही तर नाही. तिच्या बाबांच्या बागेत एका वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गेला. केंद्र डोंगराच्या पलीकडे. तिथे पाऊस मर्यादेच्या आतच राहिला. भरपाई शून्य. पुढच्या वर्षी उलटं झालं. बाग ठीक होती, केंद्रावर आकडा चढला, खात्यात पैसे जमा झाले.

"काका, दोन्ही वर्षी कुणी फसवलं नाही. तरी दोन्ही वर्षी उत्तर चुकीचं आलं. ते केंद्र किती लांब असलं तर चालेल, हे कुणी ठरवत असेल ना? मला ते काम करायचंय."

विम्याच्या शास्त्रात याला बेसिस रिस्क म्हणतात. प्रत्यक्ष नुकसान आणि ज्या निर्देशांकावर भरपाई ठरते तो निर्देशांक, यांच्यातलं अंतर. तिला हा शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट तिने घरात दोनदा भोगली होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ती आठवी संपवून बसली होती. एका दुपारी सत्तावीस कलमं आडवी झाली, पोफळींची तर मोजदादच नाही. नंतर बाबा पीककर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवत होते, ते तिने बरोबर राहून पाहिलं होतं. तिचा ओढा जोखीम मोजण्याकडे आणि कर्ज तोलण्याकडे होता. बाजारातली खरेदी-विक्री तिला खुणावत नव्हती.

हे कळल्यावर दोन संस्थांकडे बघायची माझी नजरच बदलली. फायनान्स या एका शब्दाखाली पाचसहा वेगवेगळे धंदे आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे. लेखापरीक्षण आणि कर हे सीएचं क्षेत्र. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएट या दुसऱ्या टप्प्याला नोंदणी करता येते, आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता नव्या योजनेत दोन वर्षांची झाली आहे. विम्याचं गणित करायचं तर ॲक्च्युअरीच्या परीक्षा, त्यांची प्रवेश परीक्षा निराळी. पतमानांकन, म्हणजे कर्ज घेणारी कंपनी ते फेडेल का याचा दर्जा ठरवणं, हे क्रिसिल, केअर यांचं काम. क्रिसिल १९८७ ची, केअर १९९३ ची, दोन्ही मुंबईच्या. समभाग संशोधन आणि गुंतवणुकीचा सल्ला इथे सीएफए ही आंतरराष्ट्रीय परीक्षा चालते, आणि त्याच्या पहिल्या टप्प्याला पदवीच्या २३ महिने आधीपासून बसता येतं. बँकेतलं कर्ज मूल्यांकन मी स्वतः केलंय. तिथे ताळेबंद वाचता येणं आणि माणूस वाचता येणं, दोन्ही लागतं.

आणि ज्याला माहितीपत्रकात इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हटलेलं असतं, त्यातली खरी पुढच्या फळीची पदं आपल्याकडे मुख्यतः आयआयएमचे एमबीए आणि सीए भरतात. नुसत्या बीबीएवर तिथे घेतलं जाणं देशातल्या मोजक्या आवारांत घडतं. बाकी ठिकाणी त्याच परदेशी बँकांच्या मुंबई-पुण्यातल्या मागच्या कचेऱ्यांत काम मिळतं. व्यवहार जुळवणं, ग्राहकांची कागदपत्रं तपासणं. ते काम प्रामाणिक आहे, त्यातून वर चढलेली माणसं मी ओळखतो. पण त्याला त्याच्या नावाने ओळखून मग किंमत मोजावी, इतकंच माझं म्हणणं होतं.

म्हणून तिला एक काम दिलं. या विद्यापीठातून गेल्या दोनतीन वर्षांत बाहेर पडलेल्यांना लिंक्डइनवर लिही. "पॅकेज किती" हे शेवटी विचार. आधी विचार, की सकाळी ऑफिसात बसल्यावर पहिली फाइल कसली उघडतोस. तिने अकरा जणांना लिहिलं. चौघांनी उत्तर दिलं, तिघं फोनवर बोलले. दोघं व्यवहार जुळवणीत होते, एक मुलगी ग्राहक पडताळणीत. हातात साधारण छत्तीस हजार पडत होते. तिघंही खूश होते आणि तिघांनीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली, की तिथली मित्रमंडळी, इंग्रजीत चारचौघांसमोर उभं राहायची सवय आणि वरच्या तुकड्यांतल्या मुलांच्या ओळखी, हे सगळं आम्हाला तिथेच मिळालं. हे मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं, कारण दुसऱ्या पर्यायात ते आपोआप मिळणार नव्हतं आणि तो तोटा खरा होता.

प्लेसमेंट कार्यालयाला तिने ईमेल केला. मधला पगार किती, म्हणजे अर्ध्या मुलांना ज्याच्याहून कमी मिळतो तो आकडा. वर्गातल्या किती मुलांनी नोकरीसाठी नाव दिलं आणि किती जणांना फायनान्सचं काम मिळालं. उत्तरात सरासरी पगार आला आणि कमाल पगार आला. मधला आला नाही. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच माहितीपत्रक जोडून आलं.

कागदावरचा हिशेब

तीन वर्षांची फी साडेतेरा लाख, वसतिगृह आणि जेवण पाच लाख चाळीस हजार, लॅपटॉप, अनामत, येणंजाणं धरून एक लाख दहा. बरोबर वीस लाख. घरातून पाच लाख निघत होते. आजीच्या नावची ठेव मोडून तीन, बाकीचे दोन लाख तीन हंगामांत मिळून. उरलेल्या पंधरा लाखांचं कर्ज.

इथे पहिली अडचण आली. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळतं. त्याच्यावर गेलं की बँक तारण मागते. तारण काय द्यायचं? बाग शेतजमीन. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेता येतं ते सरफेसी कायद्यामुळे. त्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागू होत नाही, म्हणून अशा कर्जाला बँका शेतजमीन घ्यायला नाखूश असतात. घर तारण द्यावं तर घर त्याच जमिनीत. आणि सातबारा काढला तर त्यावर चौदा नावं. आजोबांच्या भावंडांची, त्यांच्या मुलांची. चौघं मुंबईत, एक बडोद्याला, दोन वारलेले आणि त्यांची वारसनोंद झालेली नाही. वाटप तोंडी, तीस वर्षांपूर्वीचं, "ओढ्याच्या अलीकडचं तुमचं" असं. कोकणात कुठल्याही वाडीत जा, हीच कथा. सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या तर गणपतीत गाव भरतो तेव्हाच शक्य, आणि ज्याची सही हवी तो नेमका त्या वर्षी येत नाही.

तारणाशिवाय द्यायला एक बिगरबँक वित्तसंस्था तयार होती, जास्त व्याजाने. मी तरी हिशेब बँकेच्याच दराने केला, दहा टक्के धरून. दर वर्षाच्या सुरुवातीला पाच-पाच लाख उचलायचे. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळव्याज धावत असतं. पहिल्या पाच लाखांवर चार वर्षांचं दोन लाख, दुसऱ्यावर दीड, तिसऱ्यावर एक. साडेचार लाख व्याज. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर साडेएकोणीस लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे पंचवीस हजार आठशे. पंधरा वर्षं केली तरी एकवीस हजारांच्या आसपास.

आता छत्तीस हजार पगार. त्यातून पंचवीस हजार आठशे वजा. उरलेल्या दहा हजारांत मुंबईत राहायचं, खायचं, लोकलचा पास काढायचा, आणि त्यातूनच पुढच्या परीक्षांची फी भरायची. ज्या परीक्षांमुळे ती मागच्या कचेरीतून पुढे सरकणार, नेमक्या त्याच परीक्षांना पैसा उरत नव्हता. मला हे सगळ्यात जास्त खुपलं.

मुलीचा पगार नसेल तर हप्ता बाबांवर. बँकेत आम्ही धंद्याचं कर्ज देताना डीएससीआर काढतो. वर्षाला हप्ता भरायला जेवढे लागतात त्याच्या तुलनेत किती शिल्लक राहते, ते गुणोत्तर. दीडच्या आसपास असलं की अधिकारी निश्चिंत असतो. या घराचं काढलं. पाच वर्षांचं सरासरी निव्वळ उत्पन्न, आंबा, खोल्या आणि आईची आमसुलं-फणसपोळी धरून, तीन लाख साठ हजार. घरखर्च दोन लाख चाळीस. शिल्लक एक लाख वीस. वर्षाचा हप्ता तीन लाख नऊ हजार. गुणोत्तर ०.३९. बाबांनी तो आकडा बघितला, उठले, आणि अंगणात जाऊन उभे राहिले. पावसाची पहिली सर येऊन गेली होती.

कलम ८० ई ची करसवलत आहे ना, असं बोरिवलीच्या काकांनी विचारलं. ती फक्त व्याजावर, आठ वर्षांपर्यंत, आणि जुन्या करपद्धतीत. ज्यांचं बहुतेक उत्पन्न शेतीचं आणि करमुक्त आहे, त्यांना तिचा उपयोग शून्य.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम मांडली, कारण ती पगारदार घरांना जाणवत नाही. आंब्याचा पैसा एप्रिल ते जून येतो. खर्च सुरू होतो पावसाळा संपला की. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फवारण्या, तुडतुडे आणि फुलकिडे आले की आणखी फवारण्या, मग राखण, काढणी, पेट्या, वाशीपर्यंतचं भाडं. विद्यापीठाची फी दोन हप्त्यांत होती, जुलै आणि डिसेंबर. जुलैचा हप्ता सोसला असता. डिसेंबरचा नेमका मोहोराच्या तोंडावर. त्या महिन्यात पैसा कमी पडला तर बागाईतदार काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाशीच्या दलालाकडून उचल घेतो, आणि मग एप्रिलमध्ये माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने. फीचा खरा व्याजदर त्या उचलीत दडलेला होता आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

जुलैचे बारा दिवस

२० जूनच्या आत त्यांनी पन्नास हजार भरले, माझ्याच सांगण्यावरून. दुसऱ्या पर्यायाला अजून आकार नव्हता आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या फी परतावा धोरणात ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, असं स्पष्ट म्हटलं होतं. पन्नास हजारांत तीन महिन्यांचा अवधी विकत मिळत होता, आणि तोही परत मिळणारा. सीईटीचा निकाल लागला, ९३ पर्सेंटाइल. चांगले, पण कशासाठी पुरेसे हे सांगायला मागचा कटऑफ नव्हताच.

मग ८ जुलै २०२४ ला तो शासन निर्णय आला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. गावात बातमी पोचली ती "मुलींना सगळं फुकट" अशी. आई धावत आली. "मग विद्यापीठाची फीपण माफ ना?"

नाही. निर्णयातच खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत, व्यवस्थापन कोट्यातले प्रवेशही. मी तो परिच्छेद तिला दोनदा वाचून दाखवला. सवलत दुसऱ्या पर्यायालाच, आणि तीही सामायिक प्रक्रियेतून गेलं तर. हे घर इतर मागास प्रवर्गातलं, उत्पन्न मर्यादेच्या आत. लागणार होता उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास. दापोलीच्या तहसील कचेरीत त्या आठवड्यात मुलींच्या वडिलांची रांग फाटकापर्यंत होती.

दुसऱ्या पर्यायाचा हिशेब असा झाला. इतर शुल्कं तीन वर्षांची पंचेचाळीस हजार. आत्याकडे डोंबिवलीला राहायचं, महिना तीन हजार आत्याच्या हातात द्यायचे, ही मुलीची अट होती. एक लाख आठ हजार. पास, बाहेरचं खाणं, पुस्तकं मिळून एक लाख चव्वेचाळीस. लॅपटॉप पंचेचाळीस हजार, परीक्षा आणि क्लास एक लाख. साडेचार लाखांच्या आत. घरातल्या पाचांत बसत होतं, कर्ज नाही.

पण विद्यापीठाचा पहिला हप्ता, सव्वादोन लाख, २० जुलैला भरायचा होता आणि सामायिक प्रक्रियेची यादी कधी लागेल ते निश्चित नव्हतं. माझं मत होतं, भरा. वर्ग सुरू कर, कॉलेज मिळालं की सप्टेंबरच्या आत बाहेर पड, नियमाने पूर्ण परतावा मिळतो. ती रात्रभर विचार करून आली आणि म्हणाली, "काका, परतावा मिळेल हे मला मान्य आहे. वेळेवर मिळेल याची खात्री नाही. ऑक्टोबर उजाडला आणि पैसे आले नाहीत तर पहिली फवारणी कशावर करायची? आणि दोन महिने तिथे बसले, मैत्रिणी झाल्या, तर मी निघेन का? मला नाही वाटत."

तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. मी फक्त पैसा बुडेल का एवढंच पाहिलं होतं, तो हातात कधी येईल हे पाहिलं नव्हतं. बँकेत इतकी वर्षं रोखतेवर बोललो, आणि घरच्या हिशेबात ती एका मुलीने दाखवली. दुसरा मुद्दा तर माझ्या कागदावर नव्हताच. जागा सोडली. पन्नास हजार ऑगस्टच्या अखेरीस परत आले.

ते पाच आठवडे वाईट गेले. हातात काहीच नव्हतं. शेजारीपाजारी विचारत, "मग कुठे घेतला प्रवेश?" बाबा एकदा मला म्हणाले, "भाऊ, पोरीचं नुकसान केलं तर नाही ना आपण?" मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा मलाही खात्री नव्हती. गणपतीच्या आधी प्रवेश पक्का झाला. दादर भागातलं कॉलेज, तिच्या पसंतीक्रमात दुसरं. वर्ग सकाळी साडेसातला.

दोन वर्षांनंतर

पहिलं सत्र जेमतेम झालं. प्रक्रिया लांबल्यामुळे सगळंच उशिरा सुरू झालेलं, शिक्षक घाईत. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, आत्याच्या दोन खोल्यांत पाचवं माणूस. दिवाळीत आली तेव्हा गप्प गप्प होती. वर्गात प्रेझेंटेशन देताना इंग्रजी अडतं, असं आईला म्हणाली. त्या तिघांनी सांगितलेला तोटा हाच होता, आणि तो भरून काढायला कुणी आवारात येणार नव्हतं. मी तिला इतकंच सुचवलं, की दुपार रिकामी आहे ना, ती कुणाच्या तरी कामाला लाव.

तिने पहिल्या वर्षी एनआयएसएमची, म्हणजे सेबीच्या रोखे बाजार शिक्षण संस्थेची, एक प्रमाणपत्र परीक्षा दिली. ही संस्था कोकणातच आहे, रायगडात पाताळगंगेला, हे तिला तेव्हाच कळलं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला फोर्टातल्या एका लहान सीए कचेरीत दुपारी दोन ते सात काम मिळालं, महिना सहा हजार. काम काय, तर छोट्या कारखानदारांच्या कर्ज प्रस्तावांसाठी सीएमए डेटा भरणं. मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद, पुढच्या पाच वर्षांचा अंदाज, खेळत्या भांडवलाची गरज. टेबलाच्या पलीकडून मी आयुष्यभर हेच कागद तपासले. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, बर्फाच्या कारखान्याचा डीएससीआर एक पूर्णांक एक येतोय, साहेब म्हणतात विक्री थोडी वाढवून दाखव. तुम्ही बँकेत असता तर पकडलं असतं का?" मी म्हटलं, विजेचं बिल मागितलं असतं. बर्फ वाढला तर वीज वाढायला हवी. ती हसली नाही, लिहून घेत होती. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना वीजबिलं दाखवली आणि आकडा जुनाच ठेवायला लावला.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. दापोलीतल्याच एका डॉक्टरांच्या मुलाने त्याच वर्षी तेच अभिमत विद्यापीठ घेतलं. त्याला कर्ज लागलं नाही. या उन्हाळ्यात तो एका मोठ्या परदेशी बँकेत जोखीम विभागात इंटर्नशिप करतोय, आवारातूनच मिळाली. हेच तिला हवं होतं ते काम. ती मला हे सांगताना शांत होती, पण सांगितलं म्हणजे मनात होतं. त्याच्यासाठी ती संस्था योग्य होती, हे मी निःशंक म्हणेन. त्याच्या घरचं गुणोत्तर वेगळं होतं.

नव्याने हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना एक जास्तीची माहिती सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात ठरावीक यादीतल्या दर्जेदार संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याज सवलत आहे. ही आमच्या वेळी असती तर तारणाची अडचण थोडी सैल झाली असती, संस्था यादीत असती तर. हप्त्याचा आकडा मात्र फारसा हलला नसता.

पुढचं तिने अजून ठरवलेलं नाही. पदवीला ५५ टक्के आरामात पडतील, मग सीए इंटरमीजिएट की जोखमीकडे नेणारी दुसरी परीक्षा, यावर आमच्या पडवीत बोलणं चालू असतं. या मेमध्ये आली ती मात्र वेगळीच फाइल घेऊन. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालचा वाटपाचा अर्ज. वारलेल्या दोघांच्या वारसनोंदी तिने तलाठ्याकडून आधीच करून घेतल्या होत्या. बडोद्याच्या काकांची संमती स्पीड पोस्टाने आली होती. चौदांपैकी अकरा सह्या झाल्या आहेत, उरलेले तिघं गणपतीला येणार आहेत.